कात्रण वाचण्याआधी कात्री वाचा

आमच्या घरात एक कात्रण आहे. आजीच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या रेशनकार्डाच्या कव्हरात घालून ठेवलेलं. चार बोटं रुंद, वीतभर लांब, आणि आता जवळजवळ चहाच्या रंगाचं झालेलं. त्यात नावांची यादी आहे. वरून अकराव्या ओळीत माझ्या पणजोबांचं, म्हणजे आजीच्या वडिलांचं नाव. १७ जुलै १९४७ ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली, त्यांतले ते एक. मुंबईत गिरणीत होते, लावणीसाठी गावी निघाले होते. हे मी लहानपणापासून ऐकत आले. कुणी जास्त खोलात शिरलं की आजी पेटी उघडायची आणि म्हणायची, "पेपरात आलंय." विषय तिथंच संपायचा.

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये 'स्थानिक इतिहासाची साधनं' यावर एक टिपण सादर करायचं होतं. मी मोठ्या हौसेनं हे कात्रण स्कॅन करून लावलं आणि खाली लिहिलं, 'मृतांची यादी, वृत्तपत्रीय कात्रण, जुलै १९४७'. मॅडम बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग एकच प्रश्न विचारला : "हे कापलं कुणी?"

मला उत्तर देता आलं नाही. 'कुणीतरी घरच्यांनीच' असं काहीतरी पुटपुटले आणि खाली बसले.

तुमच्यापैकी अनेक जण आपल्या गावाचा, घराण्याचा, आळीचा विषय घेऊन संशोधनात येणार आहात, आणि हातात बहुधा अशीच एखादी कात्रणांची फाईल असणार आहे. म्हणून आज मी माझ्याच त्या टिपणाची चिकित्सा करणार आहे. दुसऱ्याच्या चुका काढण्यापेक्षा ते सोपं पडतं, आणि कुणाला राग येत नाही.

पहिली चूक : कात्रणाला वर्तमानपत्र समजणं

वर्तमानपत्रावर तारीख असते, पान असतं, शेजारी दुसऱ्या बातम्या असतात. कात्रणात यातलं काही नसतं. ते सगळं कात्रीनं काढून टाकलेलं असतं. बातमीदारानं काय लिहिलं, संपादकानं काय छापलं हे झाले पहिले दोन हात. तिसरा हात कापणाऱ्याचा. आणि चौथाही असतो, जपणाऱ्याचा. दहा कात्रणांपैकी नऊ टाकून एक ठेवणारा माणससुद्धा इतिहास लिहितच असतो, फक्त त्याच्या हातात लेखणी नसते.

एम.ए.ला आपण बहिरंग परीक्षण आणि अंतरंग परीक्षण हे शब्द पाठ करतो. परीक्षेत लिहून मार्कही मिळवतो. पण घरातला कागद हातात आला की त्याचं परीक्षण करायचं असतं हेच सुचत नाही. पेशव्यांच्या दप्तरातल्या पत्रावर आपण बिनधास्त शंका घेऊ, आजीच्या पेटीतल्या कागदावर घेताना जीभ अडखळते. माझी अडखळली होतीच.

बहिरंग : कात्रण उलटं करा

पहिली गोष्ट, कात्रण उलटं करा. मागच्या बाजूला काय छापलंय ते कुणी निवडलेलं नसतं, त्यामुळे ते अनेकदा पुढच्या बाजूपेक्षा जास्त प्रामाणिक असतं. सिनेमाची अर्धी जाहिरात, बाजारभाव, एखाद्या सभेची सूचना. यातलं काहीही तारीख पकडून देऊ शकतं.

आमच्या कात्रणामागे एका औषधाच्या जाहिरातीचा तुकडा आहे आणि त्याच्या बाजूला एका बातमीच्या सहा अर्धवट ओळी. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या कायद्याला राजाची संमती मिळाली, असा त्यांचा आशय. ही संमती १८ जुलै १९४७ ची. म्हणजे अपघाताच्या दुसऱ्या दिवसाची. ती लंडनहून येऊन मराठी दैनिकात छापली जायची, तर हे कात्रण १९ जुलैच्या आधीचं असणं अवघड आहे. यादी अपघाताच्या पहिल्या बातमीबरोबरची नव्हे, नंतरची आहे. सहा तुटक्या ओळींनी एवढं सांगितलं. मी मात्र नुसतं 'जुलै १९४७' लिहून मोकळी झाले होते.

दुसरी गोष्ट, पत्राचं नाव. आजी ठामपणे सांगायची की कात्रण 'लोकसत्ता'तलं आहे. 'लोकसत्ता' सुरू झाला जानेवारी १९४८ मध्ये. आजी खोटं बोलत नव्हती. पुढे आयुष्यभर घरात जो पेपर आला, तोच तिच्या आठवणीत मागे सरकला. असं सगळ्यांच्या घरी होतं. म्हणून पत्राचं नाव ऐकलं की ते पत्र त्या वर्षी निघत होतं का, दैनिक होतं की साप्ताहिक, कुठल्या वारी निघायचं, हे आधी बघा. 'केसरी' पहिली अनेक वर्षं दर मंगळवारी निघायचा. अशा साप्ताहिकात 'काल' किंवा 'गेल्या शनिवारी' असं लिहिलेलं असेल तर बोटं मोजून घटनेची तारीख काढता येते. दैनिकातही बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव आणि 'ता. अमुक' असतं, ती तारीख बातमी धाडल्याची, छापल्याची नव्हे.

शके दिलेला असेल तर ७८ मिळवून मोकळे होऊ नका. शके पाडव्याला बदलतो. जानेवारी ते पाडवा या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. या एका वर्षाच्या घोळानं चांगल्या चांगल्या वंशावळींत मुलगा बापाच्या लग्नाआधी जन्मलेला मी पाहिला आहे.

अंतरंग : नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला का?

आता यादीकडे. आमचं आडनाव रायगडात पाचशे पावलांवर एक भेटतं. पणजोबांचं नावही त्या काळी घरटी एकाचं असायचं. कात्रणात नाव आणि आडनाव आहे, वडिलांचं नाव नाही. गाव दिलंय, पण ते आमचं नाही. आमच्यापासून तीन मैलांवरच्या बाजाराच्या गावाचं आहे. माझ्या टिपणात मी यावर एक अक्षर लिहिलं नव्हतं. नाव दिसलं, ऊर भरून आला, पुढे गेले.

खरं तर इथं थांबायला हवं होतं. मुंबईत राहणारा माणूस परक्याला गाव सांगताना जवळच्या मोठ्या गावाचं नाव सांगतो, हे आपण आजही करतो. त्यामुळे गाव चुकीचं म्हणून नाव फेटाळता येत नाही. पण गाव चुकीचं असताना 'हेच ते' असं ठोकूनही देता येत नाही. दोन्हींच्या मधे 'संभवतः' नावाचा एक शब्द आहे. संशोधकानं तो वापरायला लाजू नये.

स्थळनामांचा आणखी एक सापळा सांगते, कारण माझा एक मित्र त्यात पडला होता. जुन्या बातमीत 'कुलाबा' वाचून त्यानं आपलं घराणं थेट दक्षिण मुंबईत नेऊन बसवलं. बातमीतला कुलाबा हा जिल्हा होता. त्याचं रायगड हे नाव १९८१ चं. तसंच चांदा आणि चंद्रपूर, दक्षिण सातारा आणि सांगली. बातमीच्या वर्षीचा नकाशा समोर नसेल तर गाव शोधू नका.

आणि बायकांची नावं? जुन्या बातम्यांत पुरुषाच्या नावाआधी 'रा. रा.' लागतं, बाईला बहुधा नावच नसतं. ती अमक्याची पत्नी, तमक्याची मातोश्री, फार तर 'एक स्त्री'. माहेरचं नाव लग्नात बदललेलं. कात्रणांवरून वंशावळ रचायला बसलात तर अर्धं घराणं निनावी राहणार, हे आधीच धरून चला.

पूर्ण पान

मॅडमच्या प्रश्नानंतर दोन महिन्यांनी मी एका जुन्या ग्रंथालयात अर्ज दिला. बांधीव फाईल बघायला मिळाली, फोटो काढायला परवानगी नव्हती, पेन चालणार नाही म्हणून पेन्सिल. फाईल विषय सांगून मागू नका, तारखेनं मागा. आणि 'फक्त तेवढं पान' बघू नका. घटनेच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे निदान दीड महिने ओळीनं वाचा. जुन्या मराठी छपाईत शब्द हुडकणं संगणकाला अजून नीट जमत नाही, पान उलटावंच लागतं. कागद कडेला तुटतो, तेव्हा दोन्ही हातांनी.

पहिल्या दिवशी हाती काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी एक वेगळीच गोष्ट कळली : सहाशे माणसं बुडाली तरी पहिल्या पानावर जागेसाठी मारामारी होती. महिन्याभरात स्वातंत्र्य येणार, फाळणी होणार. त्या गर्दीत रामदासची बातमी हळूहळू आत सरकत गेली. आकडेही दिवसागणिक बदलत होते. आजही वेगवेगळ्या लेखांत मृतांचा आकडा वेगवेगळा दिसतो, त्याचं मूळ इथं आहे. पहिली बातमी सगळ्यात ताजी असते आणि तपशिलाला सगळ्यात कच्ची. म्हणून पहिल्या बातमीवर कधीच थांबायचं नाही.

तिसऱ्या दिवशी ती यादी सापडली. तीच ओळ, तेच चुकीचं गाव, तीच अकरावी जागा. फक्त आमच्या कात्रणात नसलेली एक गोष्ट वर होती. मथळा. तो मृतांचा नव्हता. ज्यांचा ठावठिकाणा लागलेला नाही अशा उतारूंची ती यादी होती.

मी घरी येऊन कात्रण पुन्हा काढलं. वरची कड इतर कडांपेक्षा सरळ आहे, आणि भिंगातून पाहिलं तर तिथं अक्षरांचे पाय उरलेले दिसतात. वर्षानुवर्षं ते आम्हाला डाग वाटत होते.

मृत आणि बेपत्ता यांत फरक किती? आमच्या घरात तो फार मोठा आहे. पणजोबांचं प्रेत मिळालं नव्हतं. १८७२ च्या पुरावा कायद्यात एक कलम होतं, १०८ वं. ज्याची खबर मिळायला हवी अशा माणसांना सात वर्षं ती मिळाली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर पडतो. याचा उलटा अर्थ बघा. सात वर्षं होईपर्यंत, दुसरा पुरावा नसेल तर, तो मेला हे बायकोनं दाखवायचं. तेवढा काळ जमीन नवऱ्याच्या नावावर, आणि भाऊबंद कुंपणावर.

पेपर न बोलला तर

इथं थोडं बाजूला जाते, कारण उलटी चूकही तितकीच होते. कात्रणात आलं म्हणजे घडलं, ही एक चूक. पेपरात नाही म्हणजे घडलं नाही, ही दुसरी.

रामदासच्या तीन वर्षं आधी, १४ एप्रिल १९४४ ला, याच मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. अख्ख्या शहरानं आवाज ऐकला. तरी युद्धकाळाच्या निर्बंधांमुळे तपशील बाहेर धाडायला बातमीदारांना मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. जगाला आधी सांगितलं ते जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं. त्या स्फोटात तुमचं कुणी गेलं असेल आणि १५ एप्रिलच्या पेपरात नाव मिळालं नाही, तर त्यातून माणसाबद्दल काही सिद्ध होत नाही. सिद्ध होतो तो निर्बंध.

आणि काही शांतता कुठल्याही हुकुमाशिवाय असते. 'दीनबंधु' १८७७ मध्ये निघालं, 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला. ही पत्रं का काढावी लागली हे नावांतच लिहिलंय. ज्यांच्या घरची लग्नं, सत्कार, निधनं पेपरांत येत होती, त्यांची कात्रणं झाली, कात्रणांची फाईल झाली, फाईलचं घराण्याचं पुस्तक झालं. बाकीच्यांचा इतिहास कमी नव्हता, कात्रणं कमी होती. घराण्यांचे कितीतरी इतिहास मी अलीकडे वाचले. पणतूनं कष्टानं जमवलेली कात्रणं, चकचकीत कागदावर छापलेली. मेहनत खरी. पण एकाही पुस्तकात 'आम्हाला हे सापडलं नाही' असं वाक्य नाही. प्रत्येक पूर्वज सत्कारमूर्ती. कर्ज, भांडणं, मोडलेली लग्नं, कोर्टाच्या नोटिसा याही वर्तमानपत्रांत छापल्या जायच्या. त्या कापायला कुणी कात्री उचलली नाही, एवढंच.

दुसरं साधन जोडा

कात्रण एकटं उभं राहत नाही. त्याच्याशेजारी वेगळ्या कारणासाठी बनलेला दुसरा कागद ठेवा : शाळेचं जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद, तीर्थोपाध्यायांची वही, गिरणीचं हजेरीकार्ड. जमीन असेल तर फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, ज्याला गावात ड-पत्रक म्हणतात. अनेक जिल्ह्यांचे जुने फेरफार आता स्कॅन झालेत. आमच्यासाठी मात्र तहसीलच्या अभिलेख कक्षात तीन खेपा माराव्या लागल्या.

१९४८ ची नोंद मिळाली. चार ओळी, मोडीवळणाच्या देवनागरीत. खातेदार रामदास बोटीत मयत, वर्दीवरून वारस म्हणून मुलाचं नाव, तो अज्ञान, म्हणून अ.पा.क. आई. आणि पुढे पणजीचं नाव. पूर्ण नाव.

ही नोंद पाहिली तेव्हा मी खुर्चीवरून उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन आले. पेपरात पणजी कुठंच नाही. कात्रणात नाही, पूर्ण पानातही नाही. आमच्या घराण्याच्या सगळ्या कागदांत तिचं पूर्ण नाव असलेला हा एकच कागद मला आजवर मिळालाय, आणि तो लिहिला गेला जमिनीसाठी.

आता मोहाचा क्षण येतो. तुमच्याही कामात येईल. कात्रणाचा मथळा कापलेला, आणि वर्षभरात फेरफारात 'मयत'. सात वर्षं थांबावं लागलं नाही. गोष्ट आपोआप जुळते : मथळा कापून कात्रण तलाठ्याला दाखवलं. किती छान शेवट! पण फेरफारात कात्रणाचा उल्लेख नाही. नोंद वर्दीवरून झाली, वर्दी कुणी दिली, सोबत काय जोडलं, काही लिहिलेलं नाही. बोट बुडाली हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं, कदाचित पुरावा कुणी मागितलाच नसेल. आणि मथळा कापला तो कव्हरात मावावा म्हणूनही असू शकतो. दोन कागद शेजारी ठेवता येतात. त्यांच्यामधला पूल मी बांधला तर तो माझा असेल, त्यांचा नसेल. प्रबंधात मी हे असंच लिहिलंय : शक्यता म्हणून, दोन्ही बाजूंनी.

आजीला काय सांगायचं

या प्रश्नाला संशोधनपद्धतीच्या कुठल्याच पुस्तकात धडा नाही. महिनाभर मी बोलले नाही. 'पेपरात आलंय' या दोन शब्दांवर तिचं बालपण उभं आहे, तिथं जाऊन मी 'बेपत्ता' म्हणणार होते. शेवटी दिवाळीत सांगितलं. पेन्सिलनं उतरवून आणलेला मथळा वाचून दाखवला, सात वर्षांचं कलम सांगितलं, फेरफारातलं तिच्या आईचं नाव दाखवलं.

आजी बराच वेळ त्या नावावर बोट ठेवून होती. मग म्हणाली, "मामानं कापलं असेल. आईला कुठं वाचता येत होतं?"

मग थोड्या वेळानं : "आणि काय करायचं होतं गं? सात वर्षं शेत तसंच पडू द्यायचं होतं?"

तिचं पहिलं वाक्य मी त्याच रात्री वहीत उतरवलं, तारीख घालून. पणजीला वाचता येत नव्हतं. म्हणजे मथळा मुद्दाम कापला असेल, तर तो तिच्यापासून लपवायला नव्हे. वाचता येणाऱ्या कुणासाठी तरी कापला असेल. कोण तो, हे मला अजून माहीत नाही. पण मॅडमचा प्रश्न 'कुणी' वरून 'कुणासाठी' वर सरकला, आणि तो आजीनं सरकवला. अशी वाक्यं मुलाखतीच्या प्रश्नावलीत बसत नाहीत, त्यामुळे घरच्या माणसाशी बोलताना वही जवळ ठेवा, आणि त्यांना आधी सांगून ठेवा की तुम्ही लिहिताय.

कात्रणाखालची माझी ओळ आता बदललीये. 'बेपत्ता उतारूंची यादी, मथळा कापलेला, कापणारा अज्ञात, कौटुंबिक सांगण्यानुसार पणजीचा भाऊ, नाव जुळतं, गाव जुळत नाही, खासगी संग्रह.' पुढे पत्राचं नाव, तारीख, पान आणि स्तंभ. ओळ लांब झाली, दिसायला बेंगरूळ आहे. पण तिच्यात आम्हाला काय माहीत आहे आणि काय नाही, हे दोन्ही आहे.

तुमच्या घरी फाईल असेल तर या रविवारी काढा. मजकूर नंतर वाचा. आधी कडा बघा, मग मागची बाजू. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्या शेजारी बसून बघा.